परत येणार, हे कशावरून?

युरोपात जायच्या शेंगेन व्हिसाच्या अर्जात नाव, गाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर या रकान्यांपाशी कोणी अडत नाही. माणूस अडतो तो सोबत जोडायच्या पत्रापाशी. कव्हरिंग लेटर म्हणतात त्याला. दीड-दोन पानांत आपण आपलं सांगायचं: कुठे जाणार, कशासाठी जाणार, खर्च कोण करणार आणि परत येणार हे कशावरून. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना हे पत्र बहुधा तयार मिळतं, सही तेवढी त्यांची. एकट्यानं, आपलं आपण जायचं म्हटलं की ते आपल्यालाच लिहावं लागतं. मी लिहिलं. ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांनी ते स्वतःच लिहावं, पैसे देऊन लिहून घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

मी सांगलीची. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. नेदरलँड्सचा धडा किती वर्गांना शिकवला त्याची गणती नाही. समुद्रसपाटीच्या खालचा देश, बांध, पाणी हटवून काढलेली पोल्डर जमीन, पवनचक्क्या. १९३२ साली पुरा झालेला ३२ किलोमीटर लांबीचा आफ्स्लाउटडाइक बांध आणि त्यानं खाऱ्या आखाताचं गोड्या पाण्याचं सरोवर कसं केलं, हे फळ्यावर खडूनं काढून दाखवायचे. आणि शाळेबाहेर कृष्णा. २००५, २०१९, २०२१चे महापूर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या शाळेच्या वर्गांत गावभागातली बिऱ्हाडं राहायला आली. ज्या फळ्यावर मी पोल्डर काढत असे, त्यावर कोणत्या खोलीत किती माणसं, किती तान्ही मुलं, कोणाला शुगरची गोळी आणि कोणाला बीपीची, हे लिहिलं होतं. कितीतरी दिवस तो फळा कोणी पुसला नाही.

तेव्हापासून मला तो देश पाहायचा होता. टूरबरोबर जाणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. ज्यांना एरवी मिरजेपलीकडे गाडी बदलायची धास्ती वाटायची अशा कितीतरी वडीलधाऱ्यांना त्यामुळे जग दिसलं. पण मला पाहायच्या जागा त्यांच्या कार्यक्रमात नसतात. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्र बांध फोडून झीलंड प्रांतात शिरला. एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. शेवटचं खिंडार बुजायला नोव्हेंबर उजाडला. आउवरकर्क गावापाशी काँक्रीटच्या अवाढव्य पेट्या बुडवून ते बुजवलं, आणि त्याच पेट्यांच्या पोटात आज त्या पुराचं संग्रहालय आहे. मला तिथे जायचं होतं. आणि नायमेखनला जायचं होतं. तिथे वाल नदीला जागा करून देण्यासाठी बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, पन्नासएक घरं उठवली आणि नदीला दुसरा प्रवाह काढून दिला. आमच्याकडे नकाशावर निळी पूररेषा आणि लाल पूररेषा आखतात, आणि रेषेच्या आत प्लॉट पडत राहतात. ज्यांची घरं उठवली त्यांच्याशी कोण बोललं, त्यांना काय मिळालं, ती जागा आज कशी दिसते, हे मला त्या काठावर उभं राहून पाहायचं होतं.

हे सगळं मी एका एजंटला सांगितलं. माणूस वाईट नव्हता, अनुभवी होता. तो म्हणाला, “मॅडम, पुराबिराचं काही लिहू नका. ‘टुरिझम’वर टिक करा, सगळे दिवस ॲमस्टरडॅमचं एकच हॉटेल दाखवा, व्हिसा आला की कॅन्सल करा आणि मग कुठे फिरायचं ते फिरा. तिकीटही डमी काढून देतो.” असं बरेच जण करतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना व्हिसा मिळतोही. मला ते पटलं नाही. ज्या देशात पाहुणी म्हणून जायचं त्याच्या उंबऱ्यावरच खोटं कार्यक्रमपत्रक द्यायचं, हे मनाला मानवेना. आणि व्यवहारानंही ते बरं नाही. अर्ज नाकारला जाण्याच्या छापील कारणांत एक हेच आहे, की प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही. खरा कार्यक्रम कितीही वेगळा असला, तरी त्याचे तपशील एकमेकांशी जुळतात. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला, आगगाडीनं की बसनं, रात्री मुक्काम कुठे, दुसऱ्या दिवशी तिथून कुठे. एकेका रात्रीसाठी फुकट रद्द करता येणारी खोली राखून ठेवली, विमानाचं नुसतं आरक्षण जोडलं. व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, असं काही वकिलातीच सांगतात.

कागद गोळा करताना माणूस आपल्याच आयुष्याकडे परक्याच्या नजरेनं पाहायला लागतो. बँकेचं स्टेटमेंट, पानापानावर शिक्का मारलेलं. तो शिक्का मारणारा माझाच विद्यार्थी निघाला. “बाई, हॉलंड? तो बांधाचा देश?” एवढं म्हणून त्यानं प्रत्येक शिक्का सरळ, रकान्याला न झाकता, मन लावून मारला. मग प्राप्तिकराची विवरणपत्रं, पेन्शनचे कागद, घरपट्टीची पावती आणि तिचा इंग्रजी तर्जुमा, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्याकडे झुकणाऱ्या फिकट पार्श्वभूमीवर. स्टुडिओवाल्यानं हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी लावून मोजलं.

भाचा पुण्याचा. तो म्हणाला, “आत्या, तुझ्या खात्यात दोन-तीन लाख टाकतो मी, दिसायला बरं. नंतर परत कर.” त्याची माया मला कळत होती. पण खात्यात अर्जाच्या तोंडावर एकदम आलेली रक्कम तपासणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते, आणि ती कुठून आली ते मग सांगत बसावं लागतं. माझ्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते, वीजबिल जातं, किराणा जातो, दिवाळीला थोडे जास्त जातात. या प्रवासासाठी मी वर्षानुवर्षं साठवलेली रक्कम ठेव म्हणून वेगळी आहे. तेच जोडलं.

मग आला तो प्रश्न: परत येणार, हे कशावरून? नोकरदाराला कंपनीचं रजेचं पत्र मिळतं, अमुक तारखेला हजर होणार आहे असं. दुकानदाराकडे दुकानाचा परवाना असतो. निवृत्त, अविवाहित बाईकडे काय असतं? मुलं नाहीत, नवरा नाही, हजर व्हायला कचेरी नाही. अर्जात वैवाहिक स्थितीचा रकाना आहे, आणि तो भरताना मला समजत होतं की पलीकडे बसलेला माणूस तिथे थोडा थांबेल. मी घराचा उतारा जोडला. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेही लिहिलं. पण मला सांगलीत धरून ठेवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला संध्याकाळी आमराईत चालायला मीच नेते. शनिवारी दुपारी वाचनालयात नकाशे घेऊन बसते, गल्लीतली पोरं येतात. पावसाळ्यात कोयना धरणाचा विसर्ग किती, अलमट्टी धरणाचा किती, हे रोज वहीत लिहून ठेवते आणि काठावरची चार माणसं मला फोन करून विचारतात. याचा दाखला कोण देणार? तरीही मी ते पत्रात लिहिलं. थोडक्यात लिहिलं, पण लिहिलं.

लिहिताना आनंदीबाई जोशी आठवल्या. २४ फेब्रुवारी १८८३ ला, कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या कॉलेजात, अठरा वर्षंही पुरी न झालेली ही मुलगी सभेपुढे उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातो आहोत हे इंग्रजीत बोलली. लोकांनी विचारलेले प्रश्न तिनं एकामागून एक घेतले: अमेरिकेलाच का? शिकायची सोय इथे नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि जे कोणत्याही बाईनं केलं नाही ते तूच का करायचं? प्रत्येकाला तिनं उत्तर दिलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असंही सांगितलं. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना व्हिसा लागला नाही. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्यांनाही लागला नाही. या बायकांच्या वाटेतले सगळे अडसर अलीकडच्या तीरावर होते. ‘का’ आणि ‘परत येणार ना’ हे त्यांना त्यांच्याच माणसांनी विचारलं. माझ्या माणसांनी मला यातलं काहीच विचारलं नाही, उलट पैसे देऊ केले. तेच प्रश्न आता पलीकडच्या तीरावरून येतात. एकशे चाळीस वर्षांत एवढा फरक पडला, आणि बाईमाणसाच्या बाजूनं पाहिलं तर तो लहान नाही. आनंदीबाई दिल्या शब्दाप्रमाणे परतल्या, पण क्षयानं खंगून. १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या.

या दोन तीरांच्या मधला इतिहास शाळेत कोणी शिकवत नाही, शिकवायला हवा. पासपोर्टची सक्ती जगभर रुळली ती पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती. १९६७च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग सहानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाचांपैकी तीन न्यायमूर्तींच्या बहुमतानं सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे; त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. म्हणजे आज माझ्या कपाटातली ती निळी पुस्तिका कोणाची मेहेरबानी नाही. पण हा हक्क बाहेर पडण्याचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलमही तेवढंच देतं: कोणताही देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परतण्याचा हक्क. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क कोणाला दिलेला नाही, आणि बहुधा देता येणारही नाही. प्रत्येक घराला आपलं दार असतं हे मला मान्य आहे.

मान्य नाही ते हे, की दार सगळ्यांसाठी सारखं उघडत नाही. डच माणूस घरबसल्या ई-व्हिसा काढून आग्र्याला येतो. आपल्याकडच्या माणसाला बोटांचे ठसे द्यायला आपल्या गावाहून महानगर गाठावं लागतं. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. २०२४ मध्ये शेंगेन देशांसाठी भारतातून अकरा लाखांवर अर्ज गेले आणि त्यांतले साधारण १५ टक्के नाकारले गेले. नाकारल्याचं कारण म्हणून छापील यादीतल्या एका वाक्यावर खूण येते. अपील करता येतं, पण उत्तर द्यायला आधी आक्षेप नेमका कळायला तर हवा. कोणत्या कागदात काय खटकलं हे दोन ओळींत लिहून द्यावं, एवढं तरी शुल्क भरलेल्या माणसाला मिळालंच पाहिजे. आणि गंमत म्हणून नव्हे, खेद म्हणून सांगते: शेंगेन हे लक्झेम्बर्गमधलं मोझेल नदीकाठचं लहानसं गाव. १९८५ साली पाच देशांनी तिथे नदीतल्या बोटीवर बसून आपसातल्या सीमा उघडायचा करार केला. आज २९ देश त्यात आहेत. युद्धात एकमेकांची शहरं बेचिराख केलेल्या देशांनी हे केलं, भूगोलाच्या शिक्षिकेला याहून सुंदर गोष्ट कोणती सांगायला मिळणार? म्हणूनच बाहेरच्या कुंपणाचं वाईट वाटतं.

ठसे द्यायला मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेले. रात्री सांगलीत बसायचं, सकाळी सीएसएमटी. व्हिसा केंद्रात माझ्या आधी कराडकडचं एक जोडपं होतं, मुलगी-जावई जर्मनीत, नातू झालेला. काका शेतकरी. काचेच्या पट्टीवर त्यांची चार बोटं ठेवली तरी यंत्र लाल दिवाच दाखवी. ऊस तोडून, खुरपून, मोटारीच्या नटाशी झटून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. पलीकडची मुलगी विशीतली असेल. ती वैतागली नाही. “काका, घाबरू नका, होतं असं पुष्कळांचं,” म्हणाली, ओला टिश्यू दिला, बोटं पुसायला लावली, मग खुर्चीतून उठून आली आणि त्यांच्या पंजावर आपला तळहात ठेवून हलकेच दाब दिला. काकू बाजूला उभ्या राहून पदराचं टोक चावत होत्या. उजव्या हाताचा अंगठा सगळ्यात शेवटी उमटला. हे ठसे पुढे ५९ महिने चालतात, तोवर पुन्हा द्यावे लागत नाहीत, असं तिनं सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “मग नातवाचं जावळबी बघतो आन् मुंजबी.”

ठशांवरून माणूस ओळखायच्या आजच्या विद्येची मुळंही बरीचशी इथलीच. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं एका स्थानिक कंत्राटदाराचा हाताचा ठसा घेतला, त्यानं करार मोडू नये म्हणून. पुढे १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं दफ्तर उघडलं, आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. श्रेय मात्र बराच काळ त्यांच्या वरच्या इंग्रज साहेबाच्या नावावर राहिलं. काकांच्या झिजलेल्या बोटांकडे बघताना मला हे आठवत होतं.

नेदरलँड्सच्या अर्जाचा निर्णय मुंबईत होत नाही, हेगमध्ये होतो. नियमानं पंधरा दिवस, अडचण असेल तर पंचेचाळीस. माझा पासपोर्ट कुरिअरनं आला. आत चिकटवलेला व्हिसा, तारखा, मुक्कामाचे दिवस. माझं पत्र तिथे कोणी शेवटपर्यंत वाचलं की नाही, हे कळायला मार्ग नाही. पण लिहिल्यामुळे माझा कार्यक्रमच बदलला होता. आधी यादीत ॲमस्टरडॅम चार रात्री होतं. ‘कशासाठी’ हे लिहिताना त्यातल्या दोन मी झीलंडला दिल्या. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे; स्किपोलला उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी हेच प्रश्न पुन्हा विचारू शकतो. म्हणून सगळी फाइल हातातल्या पिशवीत राहणार आहे.

मी पत्र स्वतः लिहिलं आणि व्हिसा आला, हे कळल्यापासून शनिवारी वाचनालयात मुलांबरोबर मोठी माणसंही यायला लागली आहेत. सध्या एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. सांगली-रत्नागिरी गाडीवर, आंबा घाटात, त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांना स्वित्झर्लंडच्या पिवळ्या टपाल बसगाड्यांतून फिरायचं आहे, ज्या डोंगरातल्या गावागावाला जातात आणि वळणावर तीन सुरांचा हॉर्न वाजवतात. तो हॉर्न त्यांनी मोबाइलवर इतक्यांदा ऐकलाय की तोंडानं वाजवून दाखवतात. मी त्यांना पत्र आधी मराठीत लिहायला लावलं. एकट्यानं बारा वाड्यांची माणसं आणि दुधाच्या किटल्या सांभाळत घाट उतरणाऱ्या माणसाला आपल्यासारखीच गाडी दुसऱ्या देशात कशी चालते हे बघावंसं वाटतं, यात कोणाला शंका वाटावी असं काही नाही. पण त्यांची पेन्शन ईपीएफची, महिन्याला काही हजारांत. या योजनेत किमान रक्कमच १,००० रुपये आहे. विवरणपत्र कधी भरलेलं नाही, कारण भरायची गरजच पडली नाही. माझ्याइतकाच खरा हेतू, आणि कागद निम्मेसुद्धा नाहीत. ग्रॅच्युइटीच्या ठेवीची पावती आहे, इचलकरंजीत यंत्रमागावर असलेल्या मुलाचं खर्च उचलण्याचं पत्र आहे, त्याची तीन वर्षांची विवरणपत्रं आहेत. मुलाच्या पत्राला नात्याचा पुरावा लागेल, त्यासाठी रेशनकार्डाचा तर्जुमा करायला टाकला आहे. अर्ज पुढच्या महिन्यात जाईल.